सीटी नॉर्मल आला, तरी वारं गेलेलं असू शकतं

एक उदाहरण घेऊ. ६८ वर्षांच्या एक आजी रात्री दहाला झोपल्या. पहाटे साडेपाचला सून उठवायला गेली, तर आजींचा उजवा हात उचलत नाही, तोंड वाकडं झालंय आणि बोलायला गेल्या की नुसतेच तुटक आवाज. अंगावरून वारं गेलंय हे घरच्यांनी ओळखलं. गाडी करून तालुक्याच्या गावी नेलं. सातच्या सुमारास डोक्याचा सीटी स्कॅन झाला आणि बाहेर निरोप आला, "सीटी नॉर्मल आहे."

घरच्यांच्या जिवात जीव आला. सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत बघू, असं ठरलं.

घरच्यांनी त्या वाक्याचा अर्थ लावला, की मेंदूला काही झालेलं नाही. खरा अर्थ असा असतो, की मेंदूत रक्तस्राव झालेला नाही आणि मेंदूचा मोठा भाग अजून तरी मेलेला दिसत नाही. म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ शिल्लक आहे. धावपळ करायची ती याच घडीला, आणि नेमक्या याच घडीला सगळे निर्धास्त होऊन बसतात. म्हणून स्ट्रोकमध्ये, म्हणजे असं वारं गेल्यावर, सीटी स्कॅन काय दाखवतो, काय दाखवत नाही आणि पुढच्या पायरीचे स्कॅन कशासाठी असतात, हे प्रत्येक घरात कुणा एकाला तरी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

साधा सीटी काय पाहतो

सीटीचा जन्मच मेंदूसाठी झाला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोक्याचं असं चित्र काढलं गेलं. यंत्र बनवलं होतं गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी कवटीच्या आतला मेंदू साध्या एक्स-रेत दिसतच नसे. रुग्णाच्या मेंदूत रक्त सांडलंय की रक्त पोहोचतच नाहीये, हे डॉक्टरांना बाहेरून अंदाजानेच ठरवावं लागे.

आजही साध्या सीटीचं पहिलं काम हेच आहे. स्ट्रोक दोन जातींचे. एकात रक्तवाहिनी फुटते, दुसऱ्यात गुठळीने ती बंद होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोच लुळा हात, तीच अडखळलेली वाचा. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाला दिलं तर घात होईल. म्हणून आधी सीटी, मग औषध. ताजं रक्त सीटीत पांढरं उठून दिसतं आणि तिथे फसगत सहसा होत नाही.

बंद पडलेल्या वाहिनीचं तसं नाही. सीटीत प्रत्येक ऊतीच्या घनतेला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफील्डचंच नाव दिलंय. पाणी शून्य, हवा उणे एक हजार. मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०, पांढरा भाग २५ ते ३०. रक्त मिळेनासं झालं की पेशींमध्ये हळूहळू पाणी शिरतं. ऊतीतलं पाणी १ टक्क्याने वाढलं तर तिचा आकडा साधारण अडीचने उतरतो. पहिल्या काही तासांत फरक पडतो तो एवढाच, आणि एवढा फरक करड्या रंगाच्या दोन छटांमध्ये डोळ्याला दिसणं अवघड. मेंदू गुदमरत असतो आणि चित्र जवळजवळ नेहमीसारखंच असतं.

सरावलेल्या नजरेला मात्र बारीक खुणा सापडतात. करड्या आणि पांढऱ्या भागामधली रेघ पुसट होते. घड्या किंचित सुजून बुजतात. कधी वाहिनीत अडकलेली गुठळीच पांढऱ्या दोरीसारखी दिसते. या खुणा नीट मोजता याव्यात म्हणून कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी २००० साली ‘ॲस्पेक्ट्स’ नावाची गुणपद्धत मांडली. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या हद्दीचे दहा भाग पाडायचे आणि ज्या भागात बिघाड दिसेल त्याचा एक गुण कापायचा. दहापैकी दहा म्हणजे अजून काही दिसत नाही. दहापैकी तीन म्हणजे नुकसान फार झालंय. आपल्या आजींना सकाळी सातला बहुधा नऊ मिळाले असते. नऊ गुणांच्या चित्राला घाईत कुणीही ‘नॉर्मल’ म्हणून जातं.

करपलेलं आणि कोमेजलेलं

पुढचे स्कॅन कळायला आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणावी लागेल. ज्यांनी उन्हाळ्यात रानात दारं धरलंय, त्यांना ती लगेच पटेल.

पाटाचं पाणी मधेच तुंबलं तर सगळं रान एकाच वेळी जळत नाही. पाटाच्या तोंडाशी बसलेले काही वाफे, ज्यांना दुसरीकडून थेंबभरही पाणी नाही, ते आधी करपतात. आजूबाजूच्या वाफ्यांना शेजारच्या विहिरीच्या दंडातून थोडी ओल झिरपत असते. त्यातलं पीक माना टाकतं, पण मेलेलं नसतं. पाणी वेळेत सुटलं तर ते पुन्हा उभं राहतं. उशीर झाला तर तेही करपतं.

मेंदूचंही अगदी असंच. मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली उतरलं की पेशी काम थांबवतात आणि हात लुळा पडतो. १० च्या खाली गेलं की त्या मरू लागतात. १९७०च्या दशकात अ‍ॅस्ट्रप, ब्रॅन्स्टन, सायमन या संशोधकांनी बबून माकडांवरच्या प्रयोगांतून या दोन पातळ्या वेगळ्या दाखवल्या. गप्प झालेली पेशी म्हणजे मेलेली पेशी नव्हे, हा त्यांचा शोध आजच्या साऱ्या स्ट्रोक उपचारांचा पाया आहे. या मधल्या पट्ट्याला त्यांनी नाव दिलं ‘पेनम्ब्रा’. पंचांगात छायाकल्प चंद्रग्रहण लिहिलेलं असतं, त्यातली ती फिकट सावली म्हणजेच पेनम्ब्रा. चंद्र झाकोळलेला असतो, पण बुडालेला नसतो.

करपलेल्या भागाला डॉक्टर ‘कोअर’ म्हणतात. मोठी धमनी बंद पडली तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर सांगितला गेला. पण ही सरासरी आहे, आणि माणसामाणसांत प्रचंड फरक पडतो. कुणाचा कोअर दोन तासांत मुठीएवढा होतो, तर कुणाचा बारा तासांनीही लिंबाएवढाच राहतो. हा फरक पडतो तो शेजारच्या विहिरीमुळे. मेंदूच्या पृष्ठभागावर एका धमनीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणाऱ्या बारीक वाहिन्या असतात, त्यांना कोलॅटरल म्हणतात. ज्याच्या कोलॅटरल भक्कम, त्याच्या हाती वेळ जास्त.

भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना सारखं असतं, मेंदूतलं नसतं. साध्या सीटीनंतरचे दोन्ही स्कॅन हे मेंदूतलं घड्याळ वाचण्यासाठी आहेत.

डाय टाकून घेतलेला स्कॅन: पाट कुठे तुंबलाय

दुसरी पायरी सीटी अँजिओग्राफीची. हाताच्या शिरेतून आयोडीन असलेला द्रव, ज्याला सगळे ‘डाय’ म्हणतात, तो मशीनच्या पंपाने जोरात सोडायचा आणि तो मान आणि डोक्याच्या धमन्यांत पोहोचला की झर्रकन स्कॅन घ्यायचा. अंग गरम झाल्यासारखं वाटतं, तोंडात धातूची चव येते आणि काही सेकंदांत काम होतं. छातीतल्या महाधमनीपासून टाळूपर्यंतच्या सगळ्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या समोर येतात. जिथे फांदी मधेच तुटलेली दिसते, तिथे गुठळी.

माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सर्वांत मोलाचा स्कॅन हाच. कारण २०१५ साली एका वर्षात पाच मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यातला पहिला नेदरलँड्सचा ‘मिस्टर क्लीन’. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून, मेंदूपर्यंत नेऊन, गुठळी ओढून काढल्याने कितीतरी जास्त माणसं पुन्हा आपल्या पायावर उभी राहतात, हे पाचही अभ्यासांनी दाखवलं. या उपचाराला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. पण गुठळी मोठ्या धमनीत आहे हे कळल्याशिवाय रुग्णाला तिकडे पाठवणार कोण? साधा सीटी ते खात्रीने सांगू शकत नाही, अँजिओग्राफी सांगते. शिवाय मानेतली वाहिनी अरुंद आहे का, वाट किती नागमोडी आहे, हेही तिच्यात दिसतं, म्हणजे नळी घालणाऱ्या डॉक्टरांच्या हाती नकाशा आधीच येतो.

याच डायच्या मात्रेत आणखी थोडी माहिती काढता येते. एकाऐवजी काही सेकंदांच्या अंतराने तीन वेळा डोक्याचा स्कॅन घेतला, तर कोलॅटरलमधून डाय कधी आणि किती येतोय ते दिसतं. पाटात रंग टाकून शेजारच्या दंडातून तो कोणत्या वाफ्यात किती वेळाने उतरतो ते बघावं, तसंच. पहिल्याच चित्रात फांद्या भरलेल्या दिसल्या तर कोलॅटरल चांगल्या. तिसऱ्या चित्रातही रान कोरडंच दिसलं तर परिस्थिती बिकट.

घरच्यांच्या मनात डायबद्दल किडनीची भीती असते. किडनीचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. पण तसा इतिहास नसेल, तर किडनीचं काम तपासणारा क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत अँजिओग्राफी थांबवू नये, असंच स्ट्रोकच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या रिपोर्टसाठी थांबलेला अर्धा-पाऊण तास किडनीपेक्षा मेंदूला महागात पडतो.

परफ्युजन: कोणत्या वाफ्यात किती ओल

तिसरी पायरी सीटी परफ्युजनची. ‘अत्याधुनिक सीटी’ म्हणतात तो मुख्यतः हाच. इथे थोडासाच डाय, साधारण ४० ते ५० मिलिलिटर, सोडतात आणि मेंदूच्या त्याच भागाचे एकामागून एक स्कॅन सुमारे मिनिटभर घेत राहतात. रुग्णाने त्या मिनिटात डोकं हलवायचं नाही. वाचा गेलेल्या, गोंधळलेल्या माणसाकडून हे करून घेणं सोपं नसतं. तिथे टेक्निशियनचं कसब दिसतं.

हाती येतो तो जणू एक चित्रपट असतो. मेंदूच्या प्रत्येक ठिपक्यात डाय कधी आला, किती आला आणि किती वेळ रेंगाळला, याचा आलेख संगणक काढतो. त्यातून तीन-चार रंगीत नकाशे तयार होतात. एकात रक्ताचा वेग, दुसऱ्यात त्या जागी मावलेलं एकूण रक्त आणि तिसऱ्यात लागलेला उशीर.

वाचायचं कसं, ते रानाच्या भाषेतच सांगतो. जिथे रंग पोहोचायला उशीर झाला, तो सगळा पट्टा संकटात आहे. सर्वाधिक वापरलं जाणारं मोजमाप ६ सेकंदांहून जास्त उशिराचं. आणि जिथे रक्ताचा वेग निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांहूनही कमी झालाय, तो भाग बहुधा करपलाय. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो कोमेजलेला पट्टा. या फरकाला ‘मिसमॅच’ म्हणतात, आणि उशिरा आलेल्या रुग्णाचा निकाल पुष्कळदा याच शब्दावर ठरतो.

समजा, आपल्या आजींना कुणीतरी धीर करून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. साडेनऊला त्यांचं परफ्युजन झालं. उशीर झालेला भाग ११० मिलिलिटर, करपलेला १८. म्हणजे ९२ मिलिलिटर मेंदू, साधारण पाऊण वाटीभर, अजून वाचवण्याजोगा. बोलणं, उजवा हात, भाकरी थापायची सवय, नातवाचं नाव घेणं, हे सगळं त्या पाऊण वाटीत अडकलेलं.

त्यांना शेवटचं ठणठणीत पाहिलं ते रात्री दहाला. साडेअकरा तास झालेले. जुन्या नियमाने त्यांच्यासाठी दार केव्हाच बंद झालं होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन १९९५च्या अमेरिकन अभ्यासाने तीन तासांपर्यंत उपयोगी ठरवलं, २००८च्या युरोपीय अभ्यासाने ती मुदत साडेचार तासांवर नेली. थ्रॉम्बेक्टॉमीची सर्वसाधारण मुदत सहा तास मानली गेली. झोपेतच वारं गेलेली माणसं तर या हिशेबात बसतच नसत, कारण सुरुवात कधी झाली हेच कुणाला ठाऊक नसतं.

मग ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज ३’ हे दोन अभ्यास आले. दोन्ही २०१८ सालच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि दोन्हींनी घड्याळाऐवजी स्कॅन पाहून रुग्ण निवडले. ‘डॉन’मध्ये ६ ते २४ तासांचे २०६ रुग्ण होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू लागले, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी १३ टक्के. ‘डिफ्यूज ३’मध्ये ६ ते १६ तासांचे १८२ रुग्ण, आणि हेच आकडे ४५ आणि १७. वैद्यकशास्त्रात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. ‘डिफ्यूज ३’ची अट अशी होती, की कोअर ७० मिलिलिटरपेक्षा कमी, संकटातला भाग कोअरच्या किमान १.८ पट आणि दोन्हींतला फरक निदान १५ मिलिलिटर. आजी या अटींत आरामात बसतात.

इथे एक गैरसमज होण्याचा धोका आहे. चोवीस तासांची मुदत म्हणजे चोवीस तासांची सवड नव्हे. ज्यांचे कोलॅटरल भक्कम होते आणि म्हणून उशिरापर्यंत कोमेजलेला पट्टा शिल्लक राहिला, त्या माणसांचे हे आकडे आहेत. ज्यांचं रान आधीच करपलं, ती माणसं या अभ्यासांत आलीच नाहीत. आपलं माणूस कोणत्या गटातलं आहे हे स्कॅनआधी कुणालाच सांगता येत नाही.

रंगीत नकाशा कुठे फसवतो

लाल-हिरवा नकाशा पाहिला की घरच्यांना, आणि कधी कधी नवख्या डॉक्टरांनाही, तो अंतिम सत्य वाटतो. पण तो संगणकाने मांडलेला हिशेब आहे आणि हिशेब चुकतो. वारं गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत वेग इतका घसरलेला असतो, की संगणक जिवंत भागालाही करपलेला ठरवून मोकळा होतो. गुठळी पटकन निघाली तर तोच भाग दुसऱ्या दिवशी निरोगी दिसतो. याला ‘भुताचा कोअर’ असं नाव पडलंय. हृदय अशक्त असेल तर डाय सगळीकडेच उशिरा पोहोचतो. मानेतली वाहिनी जुनी अरुंद असेल तरी एक बाजू संकटात असल्यासारखी दिसते. मेंदूच्या मागच्या भागातले आणि खोलवरचे लहान स्ट्रोक परफ्युजनमधून निसटतात. चक्कर, तोल जाणं, दुहेरी दिसणं अशी लक्षणं असताना परफ्युजन स्वच्छ आलं म्हणून निश्चिंत राहू नये.

दुसऱ्या बाजूने, मोठा कोअर दिसला म्हणून हात झटकणंही आता बरोबर नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये जपान, चीन, अमेरिका आणि युरोपातून आलेल्या अभ्यासांनी, कोअर मोठा असतानाही गुठळी काढल्याचा फायदा होतो, हे दाखवलं. त्याच २०२३ साली नेदरलँड्सच्या आणखी एका अभ्यासाने ६ ते २४ तासांतले रुग्ण परफ्युजनचे आकडे न लावता, अँजिओग्राफीत कोलॅटरल दिसतात की नाही एवढं पाहून निवडले, आणि तिथेही फायदा दिसला.

मला हा शेवटचा निष्कर्ष आपल्याकडे फार महत्त्वाचा वाटतो. परफ्युजनला महागडं सॉफ्टवेअर लागतं आणि ते मोजक्या शहरांत असतं. अँजिओग्राफी मात्र डाय सोडणारा पंप आणि शिकलेला टेक्निशियन असेल तर जिल्ह्याच्या गावातल्या बेताच्या मल्टिस्लाइस मशीनवरही होते. साध्या सीटीच्या टेबलावरून रुग्णाला न उतरवता तिथेच अँजिओग्राफी केली आणि चित्रं मोबाइलवरून न्यूरोलॉजिस्टला पाठवली, तर पुढचा निर्णय गाडी निघण्याआधीच होऊ शकतो. पैसा आधी तिथे लागावा, रंगीत नकाशांवर नंतर.

किरणोत्साराबद्दलही बोलायला हवं. डोक्याच्या साध्या सीटीतून मिळणारी मात्रा ही निसर्गातून वर्षभरात आपसूक मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असते. परफ्युजनमध्ये तोच भाग पुन्हा पुन्हा टिपला जातो, त्यामुळे ती वाढते. मशीन नीट लावलेलं असेल तर स्ट्रोकच्या धोक्यापुढे ही जोखीम किरकोळ आहे. पण २००९ साली लॉस एंजेलिसमधल्या एका रुग्णालयात परफ्युजनची मांडणी चुकल्याने दोनशेहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा आठपट मात्रा गेली होती, आणि काहींचे केस पट्ट्यापट्ट्याने गळल्यावर ती चूक उघडकीला आली. तेव्हापासून मात्रेवर नजर ठेवण्याच्या सूचना बऱ्याच कडक झाल्या.

स्कॅनच्या खोलीबाहेर

मशीनला एक गोष्ट कधीच सांगता येत नाही. माणसाला शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? "पहाटे साडेपाचला कळलं" हे त्याचं उत्तर नाही. "रात्री दहाला माझ्याशी नीट बोलून झोपल्या" हे उत्तर आहे. रात्री दोनला त्या उठून पाणी पिऊन गेल्याचं कुणी पाहिलं असेल, तर हिशेब चार तासांनी बदलतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, साखरेच्या कोणत्या गोळ्या आहेत, ते सांगा. साखर फार उतरली तरी स्ट्रोकसारखीच लक्षणं दिसतात, म्हणून बोटातून साखर तपासणं ही सीटीच्याही आधीची पायरी. १०८ला फोन केलात तरी, स्वतःच्या गाडीने निघालात तरी, जिथे चोवीस तास सीटी चालू असतो तिथेच जा. आणि सीटी नॉर्मल आहे असं कळलं, तर तिथेच विचारा, "डाय टाकून अँजिओग्राफी केली का? मोठी धमनी बंद आहे का?"

आजींची गुठळी, आपल्या उदाहरणात, अकराच्या आधी निघाली. पण स्कॅन तिथे संपत नाहीत. लगेच काढलेल्या सीटीत कधी पांढरा डाग दिसतो आणि सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो, की रक्तस्राव झाला की काय. बऱ्याचदा तो वाहिनीतून झिरपलेला डाय असतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरणारा ड्युअल एनर्जी सीटी आयोडीन आणि रक्त वेगळं ओळखून दाखवतो. तो नसेल तर वाट पाहतात, कारण डाय बहुधा दिवसभरात निवळतो आणि रक्त तसंच राहतं. २४ तासांनी पुन्हा एकदा साधा सीटी होतो, पहिल्या सकाळी झाला होता तसाच, डायविना. त्यात रक्त दिसलं नाही, की डॉक्टर सहसा ॲस्पिरिन सुरू करतात आणि फिजिओथेरपिस्ट उजव्या हाताच्या व्यायामाला लागतात.